लेकरांना पोहायला पाठवताना अंगात काय घालाल?

मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा 42-43 अंशांवर जातो आणि लेकरं विहिरीतून, टँकमधून बाहेर यायचं नाव घेत नाहीत. पाण्यात गार वाटतं, पण पाठ-खांदे भाजतच असतात. रात्री कुशीवर वळताना पोरगं कळवळतं, तेव्हा आपल्या लक्षात येतं.

नुसत्या चड्डीवर पाठवू नका. जुना पांढरा टी-शर्टही पुरत नाही, कारण सुती कापड ओलं झालं की त्यातून ऊन जास्त आत शिरतं. लांब बाह्यांचा, गडद रंगाचा, घट्ट विणीचा पोहण्याचा ड्रेस घ्या. लेबलवर ‘यूपीएफ 50’ असेल, तर अतिनील किरणांचा जेमतेम पन्नासावा भाग आत जातो. लेबल नसेल तर दुकानातच कापड उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसलं तर नको. आणि मापातलाच घ्या, फार तंग झाला की वीण ताणून उघडते.

कान, मान, पावलांची वरची बाजू तरी उघडी राहतेच. तिथं एसपीएफ 30 किंवा जास्तीचं, पाण्यात टिकणारं सनस्क्रीन 15-20 मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. पण कपड्यापेक्षाही मी वेळेला जास्त मानते: सकाळी नऊच्या आत, नाहीतर ऊन कलल्यावर पाचनंतर.