आउटडोअर शूटला फोटो टॅबवर बघताय? मग या चुका टाळा

कॅमेऱ्याच्या मागचा तीन इंची स्क्रीन भर उन्हात धड दिसत नाही. त्यामुळे काढलेला फोटो वायफायने लगेच टॅबवर बघता येणं ही खरोखर कामाची सोय आहे. नथ तिरकी झालीय, नवऱ्या मुलाचे डोळे मिटलेत, मागून कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन चाललंय, हे तिथल्या तिथे कळतं आणि फोटो पुन्हा काढता येतो. पण प्री-वेडिंगचा मोसम आला की त्याच त्या चुका दिसतात, आणि दोष मात्र दरवेळी वायफायच्या माथी.

टॅबवर रॉ पाठवणं

रॉ म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली, मोठी मूळ फाइल. ती टॅबवर पाठवणं ही सगळ्यात जास्त वाट लावणारी चूक. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर एकदा आमच्या शेजारीच दुसऱ्या टीमचं शूट चाललं होतं. सकाळचं कोवळं ऊन, मागे कृष्णा, लाइट अगदी हवा तसा. नवऱ्या मुलीची धाकटी बहीण टॅब घेऊन पायरीवर बसली होती. मध्येच ओरडली, "ताई, ओढणी घसरलीय बघ!" ताईने खांद्याकडे पाहिलं. ओढणी जागच्या जागी होती. बहीण बघत होती तो फोटो आधीच्या स्पॉटवरचा, बऱ्याच वेळापूर्वी काढलेला. मधल्या वेळात त्या घसरलेल्या ओढणीसकट ढीगभर फ्रेम्स काढून झाल्या होत्या. सगळे परत जुन्या जागी गेले, पण तोवर ऊन वर चढलं आणि डोळ्यांखाली सावल्या पडल्या. फोटोग्राफर म्हणत होता, "इथे वायफाय स्लो आहे." त्याचा कॅमेरा बघितला, तर रॉ आणि फुल साइझ जेपेग दोन्ही टॅबवर पाठवायला लावलेले.

साधा हिशेब करा. 24 मेगापिक्सेलची एक कॉम्प्रेस्ड रॉ फाइल 25 एमबीच्या आसपास जाते. कॅमेऱ्याच्या वायफायला सेकंदाला 3 एमबीचा वेग मिळाला असं धरलं, तर 60 रॉ पोचायला आठ मिनिटांहून जास्त लागतात. तेच 2 एमबीचे छोटे जेपेग 40 सेकंदांत येतात. शिवाय 10.9 इंची आयपॅडचा स्क्रीन 2360 × 1640 चा, म्हणजे जेमतेम 3.9 मेगापिक्सेल. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात जेपेगचा स्मॉल साइझ बहुधा 6 मेगापिक्सेलचा असतो. स्क्रीन भरून वर उरतो! मग रॉ कुणासाठी पाठवायची?

माझी सवय अशी: दोन कार्डांचा कॅमेरा असेल तर एका कार्डावर रॉ, दुसऱ्यावर स्मॉल जेपेग, आणि टॅबवर फक्त जेपेग. बर्स्ट मारायचा (सलग भराभर फोटो काढायचे) असेल तर सगळं पाठवायचंच नाही. नंतर चार-पाच फ्रेम निवडून पाठवायच्या. पापण्यांवरचा फोकस मात्र या छोट्या जेपेगवर ठरवू नका. लहान केलेल्या फोटोत किंचित हललेला फोटोसुद्धा शार्प दिसतो. त्यासाठी कॅमेऱ्यातच 100 टक्के झूम करून बघायचं. आठवण राहावी म्हणून मी प्रत्येक सेटअपची पहिली फ्रेम तशी बघतोच.

टॅबवर काळपट दिसतं म्हणून एक्स्पोजर वाढवणं

यावर मी नवीन मुलांशी अक्षरशः भांडतो. दुपारच्या उन्हात प्रकाश एक लाख लक्सपर्यंत जातो आणि साध्या टॅबचा ब्राइटनेस 500 निट्सच्या (स्क्रीनच्या उजेडाचं माप) आसपास. अशा उन्हात कोणताही फोटो अंडर, म्हणजे काळपट, वाटणारच. मग घाईघाईत एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाशाइतकं, वाढवलं जातं, आणि घरी गेल्यावर कळतं की पांढऱ्या कुर्त्यावरची चिकनकारी उडालीय. उडालेलं डिटेल रॉमधूनही परत येत नाही. एक्स्पोजर कॅमेऱ्यातल्या हिस्टोग्रामवरच (उजेडाचा आलेख) ठरवा, हायलाइट वॉर्निंग (उडालेला उजळ भाग दाखवणारी सूचना) चालू ठेवा. टॅब पोज, चेहरा, कपडे आणि बॅकग्राउंड बघायला आहे.

ट्रू टोन, नाइट शिफ्ट, आय कम्फर्ट यांतलं स्क्रीनचा रंग बदलणारं जे सेटिंग असेल ते बंद करा, नाहीतर त्वचेचा रंग पिवळट दिसतो आणि व्हाइट बॅलन्सशी (कॅमेऱ्यातलं रंग जुळवण्याचं सेटिंग) उगाच खेळ सुरू होतो. टॅबवर मोठी काळी छत्री धरा. टॅब बघणाऱ्याने गडद टी-शर्ट घालावा, कारण पांढरा शर्ट स्क्रीनमध्ये आरशासारखा दिसतो आणि फोटोतल्या सावल्या धुऊन जातात. माझ्या असिस्टंटला आउटडोअरला काळा टी-शर्ट सक्तीचा आहे. पोलराइज्ड गॉगल घातला असेल तर तो काढून बघा, नाहीतर टॅब एका विशिष्ट कोनात धरला की स्क्रीन पार काळा पडतो.

उन्हाबरोबर तापमानही येतं. आयपॅड 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा, असं ॲपल सांगतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये सकाळी अकराला पारा बऱ्याच ठिकाणी त्याच्या पुढे जातो. टॅब तापला की आधी स्वतःच डिम होतो, मग वॉर्निंग देऊन काम थांबवतो. तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हात पॉवर बँक लावून चार्ज करू नका, आणि थंड करायला आइस पॅकही लावू नका, ओल धरते.

कनेक्शन सारखं तुटणं

बहुतेक वेळा कारण अगदी क्षुल्लक असतं. कॅमेऱ्याच्या हॉटस्पॉटला इंटरनेट नसतं, त्यामुळे अँड्रॉइड टॅब बिनबोभाट मोबाइल डेटावर उडी मारतो. टॅब एअरप्लेन मोडवर टाका, मग फक्त वायफाय चालू करा. फोटो टॅबवर आणणाऱ्या कॅमेऱ्याच्या ॲपला ब्लूटूथ लागत असेल तर तेही. कॅमेऱ्याचा ऑटो पॉवर ऑफ वाढवा. तो एका मिनिटावर असेल तर तुम्ही पोज समजावून सांगेपर्यंत कॅमेरा झोपतो आणि वायफाय जातं.

टॅब जमिनीवर ठेवू नका आणि मध्ये माणसं उभी करू नका. माणसाच्या शरीरातलं पाणी 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल शोषून घेतं. त्यात फ्लॅशचे बरेचसे वायरलेस ट्रिगर याच बँडवर, ड्रोनचा रिमोटही बहुधा तिथेच, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. कॅमेऱ्यात 5 गिगाहर्ट्झ असेल तर जवळच्या अंतरावर ते वापरा. माझ्या बॅगेत पॉवर बँकवर चालणारा छोटा ट्रॅव्हल राउटर असतो. कॅमेरा आणि टॅब दोन्ही त्यालाच जोडतो, रोजची कटकट वाचते.

लोकेशनवर पोचून ॲप डाउनलोड करणं

असं करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. काससारख्या ठिकाणी रेंजचा भरवसा नाही. पेअरिंग (कॅमेरा-टॅब जोडणं), परमिशन, फर्मवेअर (कॅमेऱ्याचं आतलं सॉफ्टवेअर) सगळं आदल्या रात्री घरी करा, आणि पंधरा-वीस फोटो पाठवून बघा.

फोटो कुठे सेव्ह होतोय हे न बघणं

काही कॅमेऱ्यांच्या रिमोट मोडमध्ये फोटो कॅमेऱ्यात, जोडलेल्या डिव्हाइसवर की दोन्हीकडे ठेवायचा, असा पर्याय असतो. तो फक्त डिव्हाइसवर असला तर कार्ड रिकामं राहतं. पहिल्या पाच फ्रेमनंतर कार्ड उघडून खात्री करा. टॅबवरची कॉपी हा बॅकअप नव्हे.

टॅब घरच्यांच्या हातात सोडून देणं

मावशी दर फोटोनंतर "एक मिनिट, बघू" म्हणते आणि लाइट निघून जातो. मध्येच कुणीतरी एडिट न केलेला फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतं. टॅब असिस्टंटकडेच असू द्या आणि सेटअप संपल्यावर सगळ्यांना एकदम दाखवा. आयपॅडवर गायडेड ॲक्सेस किंवा अँड्रॉइडवर ॲप पिनिंग लावलं की त्या ॲपच्या बाहेर कुणाला सहज जाता येत नाही. ॲपमध्येच शेअरचं बटण असेल तर त्यावर मात्र असिस्टंटलाच लक्ष ठेवावं लागतं.

आणि वायफाय चालू असताना कॅमेऱ्याची बॅटरी नेहमीपेक्षा लवकर उतरते. दोन नेत असाल तर तीन न्या.