जीएस घ्यावी की जीएस अ‍ॅडव्हेंचर? मराठवाड्यातील रस्त्यांसाठी निवड करताना या चुका टाळा

बीएमडब्ल्यूची जीएस ही मोटरसायकल घ्यायची हे ठरले, की पुढचा प्रश्न उभा राहतो तो साधी जीएस घ्यावी की तिची मोठी आवृत्ती, म्हणजे जीएस अ‍ॅडव्हेंचर, हा. नव्या आर १३०० जीएसचीच किंमत वीस लाखांच्या पुढे असल्यामुळे ‘एवढे पैसे घालायचेच आहेत, तर थोडे अजून घालून मोठीच घेऊ’ असा सल्ला मित्रमंडळी देतात आणि बहुतेक वेळा निर्णय तिथेच होऊन जातो. छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडला राहून वर्षातले बहुतेक किलोमीटर याच भागात चालवणाऱ्याने मात्र हा सल्ला तपासून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण या दोन गाड्यांतला खरा फरक वेगात जाणवत नाही, तो गाडी थांबताना आणि वळवताना जाणवतो.

मोठी म्हणजे अधिक ताकदीची, हा समज

सर्वांत आधी हा गैरसमज बाजूला ठेवावा. आधीच्या आर १२५० जीएस आणि तिची अ‍ॅडव्हेंचर आवृत्ती या दोघींमध्ये तेच १२५४ सीसीचे बॉक्सर (दोन बाजूंना आडवे सिलिंडर असलेले) इंजिन आहे, तीच १३६ अश्वशक्ती आणि तोच १४३ न्यूटन-मीटर टॉर्क. सप्टेंबर २०२३ मध्ये सादर झालेली आर १३०० जीएस आणि २०२४ मध्ये आलेली तिची अ‍ॅडव्हेंचर यांचेही तसेच आहे. दोघींची शक्ती १४५ अश्वशक्तीच. म्हणजे जास्तीच्या पैशांत इंजिन वाढत नाही. वाढते ती टाकी, उंची, सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाक वर-खाली हलू शकते ते अंतर (सुमारे २० मिलिमीटर), समोरची काच, संरक्षक नळ्या आणि या सगळ्यांबरोबर वजन. १२५० मालिकेत साधी गाडी २४९ किलो, तर मोठी २६८ किलो. १३०० मालिकेत साधी २३७ आणि मोठी २६९. नव्या मालिकेत साधी जीएस हलकी झाली, मोठी झाली नाही, त्यामुळे आज हा फरक ३२ किलोंवर गेला आहे. जुन्या गाडीच्या आठवणीवर विसंबून निर्णय घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

टाकीचा हिशेब न करता टाकी निवडणे

मोठ्या टाकीचा उगम वाळवंटात आहे. १९८० मध्ये आलेल्या आर ८० जी/एसने पॅरिस-डाकार शर्यत जिंकली आणि त्यानंतर १९८४ मध्ये ३२ लिटरची टाकी असलेली ‘पॅरिस-डाकार’ आवृत्ती विक्रीला आली. जिथे शेकडो किलोमीटर पंपच नाही, तिथे अशी टाकी ही गरज असते. आजच्या अ‍ॅडव्हेंचरची ३० लिटरची टाकी त्याच परंपरेतली आहे. साध्या १२५० मध्ये २० आणि साध्या १३०० मध्ये १९ लिटर पेट्रोल मावते.

आता आपल्या भागाचा हिशेब मांडू. सामान भरलेल्या गाडीने लिटरला १८ किलोमीटर दिले असे धरले आणि चार लिटर राखीव ठेवले, तरी साधी १३०० सुमारे २७० किलोमीटर जाते, तर मोठी ४६८. संभाजीनगरहून जालना, परभणीमार्गे नांदेड असो किंवा राष्ट्रीय महामार्ग ५२ ने बीडमार्गे तुळजापूर असो, हे अंतर ढोबळमानाने साध्या गाडीच्या एका टाकीच्या आसपासच आहे आणि वाटेत प्रत्येक तालुक्याच्या गावी पंप आहेत. अडीचशे किलोमीटरांनंतर पाठ आणि मनगटेही थांबायला सांगतात. त्याच थांब्यावर पेट्रोल भरता येते. माहूरच्या घाटाकडे किंवा किनवटच्या जंगलपट्ट्यात जाताना नांदेडला टाकी भरून घ्यावी, एवढीच काळजी पुरे.

मनाली-लेह मार्गावर टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा फलक प्रसिद्ध आहे. तिथे साध्या गाडीला जास्तीच्या पेट्रोलची सोय करावी लागते आणि ३० लिटरची टाकी खरी उपयोगी पडते. दरवर्षी लडाख, स्पिती किंवा त्याहून दूरचे प्रवास खरोखर करणाऱ्याने मोठी गाडी घेण्यात काहीच चूक नाही. आयुष्यात एकदा जायचे म्हणून ती टाकी उरलेली सगळी वर्षे गल्लीबोळांतून वागवणे मात्र मला पटत नाही.

समृद्धी महामार्गाबद्दलही एक गोष्ट आताच सांगतो. जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांतून तो जातो म्हणून लांब पल्ल्याच्या वेगवान प्रवासाची चित्रे काही जण मनात रंगवतात. परंतु त्या महामार्गावर दुचाकींना बंदी आहे. मोठी काच आणि मोठी टाकी घेऊन न थांबता नागपूर गाठण्याचा बेत त्या रस्त्यावर होणार नाही.

थांबलेल्या गाडीचे वजन विसरणे

इथे बहुतेकांची निवड चुकते. ताशी ८० किलोमीटर वेगात दोन्ही गाड्या सारख्याच हलक्या वाटतात, कारण बॉक्सर इंजिनाचे वजन खाली असते आणि टेलिलिव्हर पद्धतीचे पुढचे सस्पेन्शन ब्रेक दाबताना गाडीचे नाक फारसे खाली जाऊ देत नाही. परंतु आपला प्रवास केवळ महामार्गाचा नसतो. नळदुर्गचा किल्ला पाहून गर्दीच्या वाहनतळातून गाडी मागे घेणे, परंड्याच्या अरुंद गल्लीत समोरून टेम्पो आल्यावर थांबणे, गाळप हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे पायाच्या वेगाने सरकणे, गावाबाहेर न रंगवलेल्या गतिरोधकावर अचानक वेग शून्यावर आणणे : अशा प्रत्येक ठिकाणी गाडी पायांवर तोलावी लागते. ३० लिटर पेट्रोलचे वजन सुमारे २२ किलो असते आणि ते गाडीत बऱ्याच उंचीवर असते. गाडी थोडी कलली, की हेच वरचे वजन तिला आणखी खाली ओढते. ठरावीक कोनानंतर कितीही बळकट माणूस ती थोपवू शकत नाही.

यात उंचीची भर पडते. १२५० च्या साध्या आवृत्तीत बैठक ८५० किंवा ८७० मिलिमीटरवर बसवता येते, मोठीत ८९० किंवा ९१० वर. १३०० अ‍ॅडव्हेंचरमध्ये हे आकडे ८७० आणि ८९० आहेत, आणि गाडी थांबताना सुमारे ३० मिलिमीटर खाली बसणारी यंत्रणाही या मालिकेत मिळू शकते. ती सोय उंची कमी असलेल्यांनी आवर्जून विचारावी. तरीही केवळ आकड्यावर जाऊ नये, कारण बैठक जितकी रुंद, तितके पाय बाजूला पसरतात आणि जमिनीपर्यंतचे अंतर वाढते. साडेपाच फूट उंचीच्या चालकाला सपाट डांबरावर दोन्ही चवडे टेकत असतील, तरी मुरमाच्या उतारावर एकच पाय पोचतो आणि तोही खडीवरून घसरतो.

पावसाळ्यातली काळी माती हा तर वेगळाच विषय आहे. पाणंद रस्त्यावरचा चिकट चिखल टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत दाबून बसतो, चाक जड होते आणि टायरच्या खाचा भरून गेल्यामुळे पकड उरत नाही. तिथे २३७ किलोंची गाडीही नकोशी होते. २६९ किलोंची गाडी एकट्याने बाहेर काढणे तर फार अवघड. शेतापर्यंत किंवा तांड्या-वाडीपर्यंत नियमित जायचे असेल, तर या दोन्ही गाड्या बाजूला ठेवून रॉयल एनफिल्डच्या १९६ किलोंच्या हिमालयन ४५० चा विचार करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

मोठी गाडी जास्त ओझे वाहते, असे धरून चालणे

जोडीने प्रवास करणारे आणि तीन पेट्या लावणारे या समजुतीने मोठीकडे वळतात. १३०० मालिकेत साध्या गाडीचे कमाल अनुमत एकूण वजन ४६५ किलो आहे आणि मोठीचे ४८५. गाडीचे स्वतःचे वजन वजा केले, तर चालक, सोबती आणि सामान यांसाठी साध्या गाडीत २२८ किलो उरतात, मोठीत २१६. पेट्यांचे वजनही त्यातूनच जाते. मोठीत सोबत्याला वाऱ्यापासून आडोसा अधिक मिळतो, हे खरे. भार मात्र ती अधिक घेत नाही.

आडोशाचाही विचार ऋतू पाहून करावा. थंड प्रदेशात रुंद टाकी आणि उंच काच ही मोठी सोय असते. मे महिन्यात परभणीच्या चाळीस अंशांवरच्या उन्हात तीच काच अंगावर येणारा वारा अडवते. साध्या गाडीला वेगळी काच नंतर लावता येते.

रिकाम्या टाकीवर चाचणी घेणे

दालनातून मिळणारी चाचणी बहुधा शहरातील सरळ रस्त्यावर, थोड्याशा पेट्रोलवर आणि एकट्याने होते. तिच्यावरून या दोन गाड्यांतला फरक कळणे शक्य नाही. टाकी पूर्ण भरून देण्याची विनंती करावी, पेट्रोलचे पैसे आपण द्यावेत. नेहमीचे जाड बूट घालून जावे आणि घरच्या ज्या व्यक्तीबरोबर प्रवास करणार, तिलाच मागे बसवावे. मग तीन गोष्टी कराव्यात : अरुंद रस्त्यावर पाय न टेकता पूर्ण वळण घेणे, उतारावर थांबून पुन्हा निघणे आणि इंजिन बंद करून गाडी मागे ढकलत लावणे. तिसरी गोष्ट दमछाक करणारी वाटली, तर तीच दमछाक रोज घराच्या फाटकाशी होणार आहे. पेट्या लावल्यावर मागची रुंदी हँडलच्या रुंदीजवळ जाते. फाटक, जिना आणि गल्ली यांची मापे आधी घ्यावीत.

मोठी आधीच घेतली असेल आणि जड जात असेल तर

विकायची घाई करू नये. बराचसा त्रास कमी करता येतो. रोजच्या वापरात टाकी अर्धीच भरावी, त्यामुळे वरचे सुमारे ११ किलो वजन लगेच कमी होते. बैठक खालच्या खाचेत बसवावी आणि तरीही पाय पोचत नसतील तर कंपनीची कमी उंचीची बैठक घ्यावी. सस्पेन्शनचे भाग बाहेरून बदलून गाडी खाली आणण्याचा उपाय शेवटचा समजावा, कारण त्याने साइड स्टँडवर गाडी अधिक सरळ उभी राहते आणि पलीकडे कलंडू शकते. जड सामान वरच्या मागच्या पेटीत न ठेवता बाजूच्या पेट्यांत तळाशी ठेवावे. हळू वेगात गाडी डगमगत असेल, तर टायरमधील हवा पाहावी : १२५० साठी पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय हे कंपनीचे माप आहे, आणि पंक्चरच्या दुकानात अंदाजाने भरलेली हवा बऱ्याचदा त्याहून वेगळी असते. मऊ मातीत किंवा उन्हाने वितळलेल्या डांबरात साइड स्टँड रुतू नये म्हणून पायाखाली ठेवायला लहान चपटी पट्टी कायम सोबत असावी. नसेल तर फरशीचा तुकडा चालतो.

गाडी पडलीच, तर आधी इंजिन बंद करून पेट्रोल सांडत नाही ना, हे पाहावे. बॉक्सर इंजिनाचे बाहेर आलेले सिलिंडर गाडीला पूर्ण आडवी होऊ देत नाहीत, त्यामुळे उचलायला थोडी सोय असते. गाडी गिअरमध्ये ठेवावी. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढावा. मग हँडल पडलेल्या बाजूकडे पूर्ण वळवून, गाडीकडे पाठ करून, एका हाताने हँडलची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागची पकड धरावी आणि कंबर न वाकवता पायांच्या जोरावर लहान पावलांनी मागे सरकत तिला उभी करावे. नवी गाडी आल्यावर पहिल्याच आठवड्यात, मोकळ्या मैदानात जुने जाड गादे अंथरून, दोन जाणत्यांच्या मदतीने याचा सराव करून घ्यावा. दोन्ही पेट्या भरून पहिला प्रवास म्हैसमाळ किंवा पैठणसारख्या जवळच्या ठिकाणी करावा आणि परतल्यावर पेट्यांचे नटबोल्ट, टायरमधील हवा आणि ब्रेक तपासूनच पुढचा लांबचा बेत आखावा.