आधी दूध, मग गूळ: वाय-फाय वाटून देताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून फोन आला. "भावा, संध्याकाळी सातला पुण्याच्या गिऱ्हाइकाशी बोलायला बसलं की आवाज तुटतोय. 50 एमबीपीएसचा प्लॅन 100 चा केला, तरी तेच."

पहिली चूक ही. आवाजाच्या कॉलला जेमतेम 100 केबीपीएस, म्हणजे 0.1 एमबीपीएस पुरतात. नव्या प्लॅननं डाउनलोड वाढला, अपलोड जुनाच 20 एमबीपीएस. आणि सातच्याच ठोक्याला ऑफिसातला पीसी वाय-फायवरून ड्रॉइंगांचा बॅकअप क्लाउडवर चढवायला घ्यायचा. आवाज म्हणजे गंगावेशीतलं धारोष्ण दूध, पेल्यात पडलं की लगेच प्यायचं. 150 मिलिसेकंदांच्या पुढं उशीर झाला की बोलण्यात अडखळ सुरू. बॅकअप म्हणजे गुळाचा रवा, तासाभरानं पोचला तरी गोडच.

सेटिंगला हात लावण्याआधी दोन पिंग (छोटा निरोप पाठवून उत्तराला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणं) चालू ठेवा, एक राउटरला, एक बाहेरच्या सर्व्हरला, आणि मोठी फाइल अपलोडला टाका. राउटरचाच पिंग उसळला तर गोंधळ हवेत, म्हणजे वाय-फायमध्ये. राउटरचा शांत आणि बाहेरचा चढला तर रांग लाईनवर लागलीय. इथं राउटरचा 3 वरच होता, बाहेरचा 14 वरून 400 च्या वर गेला.

मालकांनी राउटरमध्ये क्यूओएस (कुणाचा डेटा आधी सोडायचा ते ठरवणारी सोय) चालू केलं होतं, पण अपलोडची मर्यादा पूर्ण 20 टाकलेली. मग रांग साचते पुढच्या मोडेममध्ये, तिथं दूध-गूळ कोण बघतंय? मोजलेल्या वेगाच्या 90 टक्के टाका, म्हणजे रांग आपल्याच राउटरमध्ये राहते आणि नंबर आपण लावतो. वर त्यांनी पीसी, टीव्ही, कॅमेरे सगळ्यांनाच 'हाय', म्हणजे पहिला मान दिला होता. सगळेच पाहुणे मानाचे म्हटल्यावर पंगतीला अर्थ काय? 'हाय' फक्त कॉलला.

राउटरमधला डब्ल्यूएमएम हा पर्याय मात्र बंद करू नका. वाय-फायमध्ये आवाज, व्हिडिओ, साधी आणि मागची अशा चार रांगा तोच लावतो. तो काढला की बऱ्याच राउटरचा वेग 54 एमबीपीएसवर येतो.

जाता जाता: लांबच्या कोपऱ्यातला जुना, सिग्नल कमी असलेला मोबाईल तेवढाच डेटा पाठवायला कितीतरी जास्त वेळ हवा अडवून धरतो. त्याला जवळ आणा, नाहीतर वाय-फायवरून काढा.

मर्यादा 18 केली, बॅकअप तळाला टाकला. पिंग 25 च्या आसपास थांबला. बॅकअप आता थोडा उशिरा संपतो, पण तोवर मालक घरी जेवायला बसलेले असतात.