फिजिओकडे पहिल्यांदा जाताय? मग हे आधी वाचा

कंबर धरली की आपल्याकडे आधी बाम, मग शेक, मग कुणीतरी सुचवलेला मालिशवाला, असा क्रम ठरलेला. फिजिओथेरपिस्टकडे पोचेपर्यंत महिना उलटतो आणि माणूस दारातच म्हणतो, "मशीन लावा." निम्मी निराशा तिथेच ठरते, कारण मशीन हा या उपचारातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे.

आधी हे तपासा. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर झाला असेल किंवा पायातली ताकद भराभर कमी होत असेल, तर फिजिओ नको, थेट रुग्णालय गाठा. दुखण्याबरोबर ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल किंवा जोरात पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

कोणाकडे जायचं? महाराष्ट्रात बीपीटीएच ही फिजिओथेरपीची पदवी आहे. आजवर ती चार वर्षांचा अभ्यास आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप अशी असायची. राज्यात या व्यवसायासाठी परिषद आहे, त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको.

फिजिओच्या पाटीवर कधी 'ऑस्टिओपॅथी' असंही लिहिलेलं असतं. ती म्हणजे हाडवैद्यकी नव्हे. अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये मांडलेली ही हाताने उपचार करण्याची पद्धत. तिकडचा 'डीओ', म्हणजे ऑस्टिओपॅथीचा पदवीधर, आज पूर्ण डॉक्टर असतो, औषधं लिहितो, शस्त्रक्रियाही करतो. ब्रिटनमधला ऑस्टिओपॅथ मात्र मुख्यतः हातानेच उपचार करतो आणि तिथे १९९३ च्या कायद्याने त्याला नोंदणी लागते. आपल्याकडे बरेच जण आधी फिजिओथेरपिस्ट होतात आणि मग हे शिकतात. म्हणून पाटीवरच्या अक्षरांवर जाऊ नका. कुठे शिकलात आणि मूळ पदवी कोणती, हे विचारा.

पहिली भेट बहुतेक बोलण्यात आणि तपासण्यात जाते. सैल कपडे घाला. साडीपेक्षा सलवार किंवा ट्रॅक पँट सोयीची. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, पेसमेकर, गरोदरपण, ठिसूळ हाडं यांतलं काही असेल तर विचारायची वाट न पाहता सांगून टाका. एमआरआय असेल तर न्या, पण त्यातल्या 'डिस्क बल्ज'ने, म्हणजे मणक्यांमधली गादी फुगल्याच्या शेऱ्याने, हबकू नका. चाळिशीनंतर काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या एमआरआयमध्येही तो दिसतो.

मग प्रश्न: शून्य ते दहात किती दुखतं? सकाळी जास्त की रात्री? खोकलं की कळ पायात उतरते? उकिडवं बसता येतं? उताणं झोपवून सरळ पाय उचलतील. साधारण ३० ते ७० अंशांत कळ गुडघ्याखाली गेली, तर नस डिवचली गेल्याचा संशय येतो. शेवटी "तुम्हाला काय करता यायला हवं?" असं विचारतील. "बरं वाटायला हवं" हे उत्तर काही कामाचं नाही. "मांडी घालून पंगतीत बसायचंय" असं सांगा, म्हणजे व्यायाम त्या दिशेने ठरवता येतात.

प्रत्यक्ष उपचार. शेक आणि विजेच्या सौम्य झिणझिण्यांनी तात्पुरता आराम पडतो, एवढंच. ऑस्टिओपॅथ स्नायू दाबतो, सांधा हळूहळू हलवतो, कधी झटका देतो. तेव्हाचा 'कट्' आवाज सांध्यातल्या द्रवातल्या वायूचा. 'सरकलेला मणका जागेवर बसला' असं त्यात काही नसतं. मानेला झटका देण्याआधी धोके विचारा. क्वचित मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो, आणि "नको" म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सोबत घरचं माणूस हवं असेल तर तेही सांगा. कंबरदुखीसाठी हाताचे उपचार करायचेच तर व्यायामाच्या जोडीनेच करावेत, अशी उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची २०१६ मधली शिफारस आहे.

घरी आल्यावर एक-दोन दिवस अंग दुखेल, गड उतरून आल्यावर पोटऱ्या भरतात तसं. नवा बधिरपणा आला किंवा दुखणं वाढतच गेलं, तर फोन करा.

आता खरा उपचार. माझा खांदा आखडला तेव्हा भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम दिला होता. पहिला आठवडा मी टाळला आणि दुसऱ्या भेटीत चेहऱ्यावरूनच पकडला गेलो. मग बोटं पोचतील तिथे पेन्सिलने खूण करू लागलो. कधी आठवडाभर खूण तिथेच अडायची. आखडलेला खांदा महिनोन्‌महिने घेतो, मधुमेह असेल तर बहुधा जास्तच. व्यायाम जमत नसेल तर खोटं सांगू नका. तो बदलून मिळतो.

पहिल्याच दिवशी वीस सिटिंगचे पैसे भरायला सांगितले, तर थांबा. चार-सहा भेटींनंतर पुन्हा मोजमाप घ्यायला सांगा आणि फरक नसेल तर "आता पुढे काय?" असं विचारा. "अजून दहा वेळा मशीन लावू" असं उत्तर आलं, तर दुसरा दवाखाना पाहा.