कॅन्सरचे उपचार सुरू असताना घरातलं हसणं कसं टिकवावं

कॅन्सरचं निदान झालं की घरातली माणसं हळू आवाजात बोलायला लागतात. फोन आला की उठून दुसऱ्या खोलीत जातात. पेशंट खोलीत शिरला की चाललेलं बोलणं थांबतं. हेतू चांगलाच असतो, पण पेशंटला ते सगळं कळत असतं आणि तो आणखी एकटा पडतो. उपचार बहुतेक वेळा काही महिने चालतात, कधी वर्षभरही. इतका काळ एकमेकांना जपून जपून वागणं कोणालाच झेपत नाही. घरात पूर्वी जे बोलणं-हसणं होतं ते उपचारांच्या काळातही राहावं, यासाठी काय काय करता येतं ते इथे सांगते.

आधी हे मान्य करा: हसण्याने गाठ विरघळत नाही

"पॉझिटिव्ह राहा, सगळं ठीक होईल" हे वाक्य पेशंटला इतक्या वेळा ऐकावं लागतं की रिपोर्ट मनासारखा आला नाही तर तो स्वतःलाच दोष द्यायला लागतो. आपण पुरेसे आनंदी नव्हतो म्हणून असं झालं, असं त्याला वाटतं. यात तथ्य नाही. अमेरिकन संशोधकांनी डोकं व मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांची माहिती तपासली आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णाची मनःस्थिती आणि तो किती काळ जगला, यांचा संबंध त्यांना आढळला नाही. मला या निष्कर्षाचा फार आधार वाटतो. पेशंट रडला, चिडला, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, तरी त्याने काही बिघडवलेलं नसतं.

मग हसायचं कशासाठी? आजचा दिवस जरा बरा जावा म्हणून. मनमोकळं हसल्यावर ताण उतरतो, आखडलेले स्नायू सैल होतात, दुखणं सोसण्याची ताकद थोडा वेळ वाढते. एवढ्यासाठी हसलं तरी पुरे आहे.

पहिला विनोद पेशंटला करू द्या

हा नियम सगळ्यांत महत्त्वाचा आहे. आजार ज्याच्या शरीरात आहे, त्यावर थट्टा करायचा हक्क आधी त्याचा. तो स्वतःच्या टकलावर बोलला तर तुम्हीही बोला. तो गप्प असेल तर तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. जो माणूस आयुष्यभर मितभाषी होता, त्याने आजारपणात विनोदवीर व्हावं अशी अपेक्षा ठेवू नये. त्याच्यासाठी शेजारी बसून जुना आवडता कार्यक्रम बघणं पुरतं.

थट्टेला विषय पुष्कळ असतात. पाठीमागून उघडा राहणारा हॉस्पिटलचा गाऊन, दर वेळी तीच जन्मतारीख विचारणारे लोक, वाऱ्यात सरकणारा विग, फुगत चाललेली फाइल, गोळ्यांचा डबा भरताना होणारा गोंधळ. मृत्यूची भीती, ऑपरेशनने गेलेला अवयव, उपचारांचा खर्च आणि मुलांचं पुढे काय होणार, हे विषय मात्र पेशंटने स्वतः काढल्याशिवाय काढायचे नाहीत. शिवाय सोमवारी ज्या वाक्यावर सगळे पोट धरून हसले, तेच वाक्य गुरुवारी टोचू शकतं. म्हणून घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. पेशंटने तो उच्चारला की थट्टा तिथेच थांबते आणि कोणी कारण विचारत नाही.

याच्या उलटही घडतं. काही पेशंट अखंड विनोद करत राहतात, कारण थांबले तर भीती समोर येईल. डॉक्टरांनी गंभीर काही सांगितलं तरी हसण्यावारी नेतात. अशा वेळी सगळ्यांदेखत टोकू नका. दोघंच असताना विचारा, "मघाशी गंमत केलीस, पण आत काय चाललंय?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा.

केमोचं कॅलेंडर बघून बेत ठरवा

केमोच्या दोन सायकलमध्ये, म्हणजे औषध देण्याच्या दोन फेऱ्यांमध्ये, बहुधा २ ते ३ आठवड्यांचं अंतर असतं. औषध चढवल्यानंतरचे पहिले काही दिवस मळमळ आणि थकव्याचे. साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या, म्हणजे काउंट, सर्वांत खाली जातो आणि संसर्गाचा धोका वाढतो. त्यानंतर पुढच्या सायकलपर्यंतचे दिवस त्यातल्या त्यात बरे. औषधागणिक हे बदलतं, म्हणून दुसऱ्या सायकलपासून कोणता दिवस कसा गेला याची एका ओळीची नोंद ठेवा. मित्रांना बोलावणं, पत्ते खेळणं, फिरायला जाणं हे बेत बऱ्या दिवसांत बसवा. वाईट दिवसांत पेशंटला हसवायला जाऊ नये. त्या दिवसांत अंधार, शांतता आणि जवळ एक रिकामी बादली, एवढंच हवं असतं.

कोणत्या गोष्टी घडणार आहेत हे आधी ठाऊक असेल तर घाबरण्याची वेळ कमी येते आणि हसायला जागा उरते. डॉक्सोरुबिसिन नावाचं लाल औषध घेतल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. न सांगता घडलं तर घरात हाहाकार होतो, आधी कळलं असेल तर पेशंट स्वतःच बाहेर येऊन जाहीर करतो. ऑक्झॅलिप्लॅटिन घेतल्यावर काही दिवस थंड वस्तूला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात, म्हणून फ्रिज उघडायला हातमोजे घालावे लागतात. काही औषधांनी तोंडाला धातूची चव येते, तेव्हा स्टीलऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा वापरून बघा. मळमळ होऊ नये म्हणून सुरुवातीला दिलेल्या स्टेरॉइडमुळे रात्री झोप उडते आणि अवेळी भूक लागते. रात्री दोन वाजता कपाट आवरणारा पेशंट दिसला तर दचकू नका, पण झोप सलग उडत असेल तर डॉक्टरांना सांगा.

केसांचं थोडं सविस्तर सांगायला हवं. प्रत्येक केमोने केस जात नाहीत, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. जाणार असतील तर पहिल्या सायकलनंतर साधारण २ ते ४ आठवड्यांत गळायला लागतात. उशीवर झुबके सापडण्याची वाट बघण्यापेक्षा, पेशंटची तयारी असेल तर आधीच केस बारीक कापून घ्यावेत. निर्णय आपण घेतला एवढ्यानेही बळ येतं. कापण्याचं काम घरातल्या धाकट्याला द्या, मधल्या मधल्या विचित्र स्टाइलचे फोटो काढा, आरशासमोर वेळ घ्या. मध्येच रडू आलं तर मशीन बंद करून बसून राहा. बहुतेक घरांत त्या संध्याकाळी रडणं आणि हसणं दोन्ही होतं. भुवया आणि पापण्याही जाऊ शकतात. हे कोणी सांगत नाही आणि पेशंटला तेच जास्त लागतं.

पोटाचं किंवा छातीचं ऑपरेशन झालं असेल तर हसताना टाके ओढले जातात. उशी हाताशी ठेवा आणि हसू किंवा खोकला आला की ती टाक्यांवर घट्ट धरायला सांगा.

"काही लागलं तर सांग" म्हणू नका

मनापासून म्हटलं तरी या वाक्याने पेशंटवर काम वाढतं. काय लागेल ते त्यानेच ठरवायचं, कोणाला सांगायचं तेही ठरवायचं आणि वर संकोच. त्यापेक्षा नेमकं बोला: "मंगळवारी केमोला मी सोबत येतेय", "मुलांना शाळेतून मी आणतो". कामांचा तक्ता करून भिंतीवर लावा. फाइल आणि रिपोर्ट एकाकडे, गोळ्यांच्या वेळा दुसऱ्याकडे. डॉक्टरांच्या भेटीत प्रश्न विचारणारा आणि उत्तरं लिहून घेणारा माणूस ठरलेला असावा. पेशंटला त्या खोलीत ऐकलेलं निम्मं आठवत नाही.

नातेवाइकांना बातमी देण्याचं काम एकाच व्यक्तीकडे द्या. तोच रिपोर्ट वीस जणांना वीस वेळा सांगणं फार दमवणारं असतं.

तक्त्यात पेशंटचंही नाव असू द्या. त्याला झेपतील अशी कामं, जसं हिशेब, मुलांचा अभ्यास, आठवड्याचा बेत ठरवणं, त्याच्याकडून काढून घेऊ नका. आणि सतत सोबत राहणाऱ्या माणसाला आठवड्यातून काही तास पूर्ण सुट्टी मिळालीच पाहिजे, त्या वेळात त्याला फोनसुद्धा करू नये.

रागाचं आणि तक्रारीचं काय करायचं, यावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुसान सिल्क यांनी २०१३ मध्ये एक सोपी रीत मांडली. मध्यभागी पेशंट, त्याच्याभोवती सर्वांत जवळची माणसं, मग मित्र, मग ओळखीचे, अशी वर्तुळं काढायची. आतल्या माणसाकडे फक्त धीर पाठवायचा. स्वतःची भीती आणि वैताग बाहेरच्या वर्तुळातल्या माणसापाशी काढायचा. मुलीला आईच्या आजाराने रडू येत असेल तर तिने मैत्रिणीजवळ रडावं, आईने तिची समजूत काढत बसू नये. मात्र आईला लेकीसोबत रडायचं असेल तर कोणी अडवू नये.

भेटायला येणारे

थोडाच वेळ बसा. सर्दी-ताप असेल तर येऊ नका. कोणाला असाच कॅन्सर झाला आणि पुढे काय झालं, ही गोष्ट सांगू नका. काढे, चूर्णं, गोळ्या सुचवू नका, कारण काही वनस्पती केमोच्या औषधांच्या कामात अडथळा आणतात. हे दारातच सांगायचं काम घरच्या कोणीतरी स्वतःकडे घ्यावं, पेशंटवर सोडू नये.

लहान मुलांना खरं सांगा

मुलांपासून लपवलेलं राहत नाही. त्यांना निम्मं कळतं आणि उरलेलं ती मनात रचतात, जे खऱ्यापेक्षा भयंकर असतं. "कॅन्सर" हा शब्द वापरून तीन गोष्टी सांगा: हे तुझ्यामुळे झालं नाही, हे तुला लागणार नाही, आणि तुझी काळजी घ्यायला कोण असेल हे ठरलेलं आहे. बाहेरून दिल्या जाणाऱ्या रेडिएशनने माणूस किरणोत्सर्गी होत नाही, त्यामुळे मिठी मारायला हरकत नसते. शरीराच्या आत किरणोत्सर्गी औषध ठेवलं किंवा दिलं असेल तर किती दिवस अंतर राखायचं ते डॉक्टरांना विचारा. मुलं उपचारांवर फार छान विनोद करतात. त्यांना गप्प करू नका.

हसणं बाजूला ठेवून लगेच फोन करायचा तो केव्हा

केमो सुरू असताना ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला, तर सकाळची वाट बघायची नाही, मध्यरात्रसुद्धा असो. काउंट खाली असताना साधा वाटणारा ताप काही तासांत गंभीर होऊ शकतो. विचारल्याशिवाय तापाची गोळीही देऊ नका, तिने ताप झाकला जातो. थरथरून थंडी, श्वास लागणं, न थांबणारा रक्तस्राव, पाणीसुद्धा पोटात न ठरणं, अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, यांतलं काहीही दिसलं तरी तसंच. हॉस्पिटलचा तातडीचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आणि तक्त्यावर लिहून ठेवा.

मनाच्या त्रासासाठीही मोजमाप आहे. दर आठवड्याला पेशंटला विचारा, आज मनाचा त्रास ० ते १० मध्ये किती? ४ किंवा त्याहून जास्त आला तर उपचार करणाऱ्या टीमला सांगा. दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल किंवा जगणं नको असं बोलणं होत असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यायलाच हवी. जगणं नको हे वाक्य तर एकदा ऐकलं तरी त्याच दिवशी कळवा. ० ते १० चा हाच प्रश्न सोबतच्या माणसालाही विचारा.

उपचार संपल्यानंतर

शेवटच्या केमोला घर आनंदाने भरून जातं आणि पुढच्याच आठवड्यात सगळे आपापल्या कामाला लागतात. पेशंटला मात्र तेव्हाच सर्वांत रिकामं वाटतं. थकवा काही महिने राहतो, नावं आणि शब्द आठवत नाहीत, प्रत्येक तपासणीच्या आधी झोप उडते. केस हळूहळू उगवतात, पुष्कळदा आधीपेक्षा कुरळे किंवा वेगळ्या रंगाचे, आणि त्यावर बोलायला घरात सगळेच तयार असतात. भिंतीवरचा तक्ता निदान तीन महिने काढू नका. त्यात तपासण्यांच्या तारखा आणि रोजच्या हलक्या चालण्याची वेळ लिहा, आणि त्या वेळी सोबत कोण जाणार तेही.