वीजदराच्या याचिकेवर हरकत कशी नोंदवावी

हरकत लिहायला बसण्यापूर्वी आपले वीजबिल समोर घ्यावे आणि त्यातील कोणती रक्कम कोण ठरवतो हे पाहावे. महाराष्ट्रात वीज आकार, स्थिर आकार आणि वहन आकार यांचे दर १९९९ साली स्थापन झालेला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. वीज शुल्क मात्र राज्य शासनाचा कर असल्याने ते कमी करावे अशी मागणी आयोगापुढे मांडून काही साधत नाही. एखाद्या ग्राहकवर्गाला आयोगाने ठरवलेल्या दरापेक्षा स्वस्त वीज द्यावी असे शासनाला वाटले, तर विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६५ नुसार त्या अनुदानाची रक्कम शासनाने आगाऊ द्यायची असते. तेव्हा अशा सवलतीची मागणी मंत्रालयाकडे करावी.

दर मंजूर करून घेण्यासाठी वितरण कंपनीने आयोगाकडे दाखल केलेल्या याचिकेचा गोषवारा वृत्तपत्रांतील जाहीर सूचनेत येतो, पण तेवढ्यावर विसंबू नये; मूळ याचिका संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. ती शेकडो पानांची असली तरी सर्वसामान्य ग्राहकाने प्रथम दोनच गोष्टी शोधाव्यात. पहिली म्हणजे वीज खरेदीचा खर्च, कारण वितरण कंपनीचा सर्वांत मोठा खर्च तोच असतो. दुसरी, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची, म्हणजे वितरण हानी, अर्थात ग्राहकांपर्यंत नेताना गळतीत आणि चोरीत जाणारी वीज. ज्या शेतीपंपांना मीटर नाहीत, त्यांचा वापर अंदाजाने काढला जातो. हा अंदाज फुगला की चोरी आणि गळतीत गेलेली वीज शेतकऱ्याच्या नावावर दिसते, हानी कागदावर कमी भासते आणि तिचा भार इतर ग्राहकांच्या दरात मिसळून जातो. त्यामुळे हा अंदाज कोणत्या फीडरच्या (उपकेंद्रातून एका भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीच्या) नोंदींवरून आणि किती तासांचा पुरवठा धरून केला आहे, हे जरूर विचारावे.

प्रत्येक मुद्द्यासोबत याचिकेतील पान, तक्ता आणि आकडा नमूद करून शेवटी नेमकी मागणी लिहावी; उदाहरणार्थ, ‘अमुक तक्त्यातील विनामीटर शेतीवापर फीडरनिहाय नोंदींशी पडताळल्याशिवाय मान्य करू नये.’ आयोग अर्धन्यायिक आहे आणि त्याला आपल्या निर्णयाची कारणे द्यावी लागतात, म्हणूनच एकाच मजकुराच्या शंभर पत्रांपेक्षा आकड्याला हात घालणारे एक पानभर निवेदन मला अधिक मोलाचे वाटते. निवेदनावर नाव, पत्ता आणि ग्राहक क्रमांक घालून ते जाहीर सूचनेत सांगितलेल्या पद्धतीने मुदतीत पाठवावे आणि सुनावणीत बोलायचे असल्यास तसे त्यातच स्पष्ट लिहावे.

याचिका मिळाल्यापासून १२० दिवसांत आयोगाने आदेश द्यावा, अशी कायद्यात तरतूद आहे. आदेशात ग्राहकांच्या हरकती, त्यांवरील कंपनीचे उत्तर आणि आयोगाचे मत अशी मांडणी असते. त्यात आपला मुद्दा शोधावा. तो फेटाळण्यामागची कारणे पटली नाहीत, तर आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. अपील करायचे नसले तरी आदेश जपून ठेवावा, कारण त्यात मान्य झालेला हानीचा आकडा पुढच्या याचिकेतील आकड्याशी ताडून पाहायचा असतो.