इंग्रजीत समजूत काढताना या चुका टाळा

शब्दकोशात ‘शांत करणे’ एवढंच पाहायचं आणि अपीज, मॉलिफाय, मिटिगेट यांतला भारदस्त दिसेल तो शब्द पत्रात ठोकून द्यायचा, ही खोड पणजीच्या ऑफिसांपासून कळंगुटच्या हॉटेलांपर्यंत सगळीकडे आहे.

सगळ्यात महागात पडतो अपीज. हॉटेलात एसी बंद पडला, पाहुण्याने तक्रार केली. उत्तर गेलं: तुम्हाला अपीज करण्यासाठी एक रात्र मोफत. पाहुणा आणखी भडकला, आणि ते रास्तच होतं. शब्द खानदानी आहे, जुन्या फ्रेंचमधून आलेला, मुळाशी लॅटिन पाक्स म्हणजे शांतता. पण 1938 साली म्युनिकमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हा प्रांत हिटलरला शांत करायला त्याच्या पदरात पडू दिला आणि तरी मार्च 1939 मध्ये जर्मन फौजा त्याच देशाच्या राजधानीत, प्रागमध्ये शिरल्या. तेव्हापासून अपीजला ‘तोंड बंद करायला काहीतरी फेकणं’ असा वास येतो. अशा पत्रात सरळ ‘वी आर सॉरी’ लिहावं आणि खोली बदलून द्यावी.

‘मिटिगेट अगेन्स्ट’ असं काही नसतं. अगेन्स्ट लागतो मिलिटेटला, म्हणजे आड येण्याला; तो सैनिकाच्या घरातला शब्द. मिटिगेटमध्ये लॅटिन मितिस म्हणजे मऊ. पुराचं नुकसान मिटिगेट करतात, माणसाला नाही. चिडलेल्या माणसासाठी मॉलिफाय आहे, त्यातला मोलिस आपल्या ‘मृदु’च्याच मुळाचा.

अलिव्हिएट म्हणजे दुखणं हलकं करणं, बरं करणं नव्हे.

पॅलिएटिव्हमध्ये पॅलियम म्हणजे झगा: त्रास झाकला जातो, आजार राहतो. ‘पॅलिएटिव्ह क्युअर’ लिहिणाऱ्याला काय म्हणावं!

कानाला लागेल तशी व्युत्पत्ती तर बनवूच नका. सूद (दिलासा देणं, शमवणं) या इंग्रजी शब्दाचा ‘सुख’शी संबंध नाही. त्याच्या मुळाशी जुना इंग्रजी सूथ म्हणजे सत्य, आणि आपलं ‘सत्य’ही त्याच मुळाचं. आधी अर्थ ‘खरं ठरवणं’, सोळाव्या शतकात ‘हो ला हो करणं’, मग ‘समजूत घालणं’. इंग्रजी ‘काम’ (calm, शांत) या शब्दाच्या मुळाशी तर ग्रीक कौमा, म्हणजे रणरणता उष्मा! उन्हाच्या वेळची विश्रांती, त्यातून शांतता. पोर्तुगीजमध्ये काल्मा आजही दोन्ही अर्थांनी चालतो; दुपारी दुकानं बंद ठेवणाऱ्या गोव्याला हे वेगळं समजावायला नको.

वहीत शब्द एकटा उतरवू नका, कर्मासकट उतरवा: अले फिअर्स (भीती कमी करणं), असवेज गिल्ट (अपराधीपणा हलका करणं), सूद अ सोअर थ्रोट (दुखऱ्या घशाला आराम देणं). कोशातली उदाहरणं वाचायला दोन मिनिटं लागतात. तेवढाही धीर नसेल तर भारदस्त शब्दांच्या वाटेला जाऊ नये. आणि चिडलेल्या गिऱ्हाइकाला ‘प्लीज काम डाउन’ तर मुळीच नको, तो हुकूम वाटतो.